भोपळ्याला पहिला चाकू

चौथीतल्या एका पोरीच्या डोक्यात माझ्यामुळे एक गोष्ट जाऊन बसली आणि ती मला काढता आली नाही. 'मी भोपळा कापला म्हणून माझा भाऊ गेला', एवढीच ती गोष्ट. बावीस वर्षं मी पोरांच्या डोक्यात काही ना काही घालायचं काम करते आहे. पाढे घातले, जोडाक्षरं घातली, जेवायच्या आधी हात धुवा हे तर इतकं घातलं की माझी पोरं लग्नाच्या पंगतीतही रांग करून नळावर जातात. पण आत गेलेलं बाहेर कसं काढायचं, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही.

आमची शाळा नेकनूरपासून आत, डांबरी रस्ता सोडून स्कूटीवर वीस मिनिटं लागतील अशा एका वस्तीवर आहे. दोन खोल्या, चार वर्ग आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी मोठ्या गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मोठे गुरुजी शाळेत कमी आणि तालुक्याच्या मीटिंगला जास्त असतात, त्यावरून आमच्या दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. अर्धी पोरं ऊसतोडीला जाणाऱ्यांची, अर्धी मेंढरं राखणाऱ्यांची. दिवाळी झाली की पट ओसरायला लागतो आणि मार्गशीर्ष लागेपर्यंत वर्गात मी, फळा आणि कोपऱ्यातली चार पोरं उरतो. म्हणून जे काही शिकवायचं ते दसरा-दिवाळीच्या आत, असा माझा कायमचा हट्ट. या हट्टापायी पोरंही वैतागतात आणि मीही.

गेल्या साली दसरा होऊन चार दिवस झाले असतील, शिक्षकांच्या ग्रुपवर दप्तराविना शनिवारचा उपक्रम आला. 'भोपळा: ओळख व सुरक्षित कोरीवकाम. फोटो त्याच दिवशी टाकावेत.' सोबत एक चित्र होतं. पिवळाधमक भोपळा, त्याला तिकोनी डोळे, तोंडभर दात आणि पोटात दिवा. आमच्याकडे भोपळ्याची भाजी होते, घारगे होतात, पित्राला तर त्याच्यावाचून पान पुरं होत नाही. त्याचे दात पाडायचे असतात, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. पोरांना चित्र दाखवलं तर ती लोळून हसली. 'बाई, याचे दात आमच्या चुलत्यावानी हायेत,' असं एक जण म्हणाला आणि त्या चुलत्याचा पुतण्या असलेला दुसरा त्याच्या अंगावर धावून गेला.

पण एकदा मनावर घेतलं की मी अर्धवट करत नाही. आठवडाभर भोपळाच शिकवला. वेल कसा चढतो, नर फूल कोणतं, मादी फूल कोणतं, मधमाशी काय करते. बियांचा अंदाज करायला लावला, सालीचा खडबडीतपणा डोळे मिटून ओळखायला लावला. मग कापायचे नियम. भोपळा घरंगळतो, म्हणून खाली ओलं पोतं. चाकूची धार अंगाच्या बाहेर. धरणाऱ्या हाताची बोटं आत दुमडलेली. फळ्याजवळ खडूने एक मोठा गोल आखला. चाकू फक्त गोलाच्या आत, गोलात एका वेळी एकच जण आणि मी. बाकीच्यांनी गोलाबाहेर मांडी घालून बसायचं. गर काढायला चमचे. खरं तर हा माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवण्यातला प्रकार होता. माझ्या वर्गातली पोरं सहाव्या वर्षी विळा धरतात. तिसरीतल्या एकाने मलाच सांगितलं, 'बाई, मूठ अशी धरत न्हाईत, घसरती.' मी त्याला गप्प बसवलं आणि मूठ बदलली.

भोपळा आणला तो त्याच चौथीतल्या मुलीने. मेंढपाळाच्या घरची, तीन बहिणींत थोरली. अंगाने बारीक, बोलायला चुरचुरीत आणि माझ्यावर तिचा भारी जीव. मी केसात अबोली माळली की दुसऱ्या दिवशी तिच्याही वेणीत काहीतरी खोचलेलं असायचं, मग ते तरवडाचं फूल का असेना. त्यांच्या गोठ्याच्या छपरावर वेल होता. त्यावरचा सगळ्यात मोठा भोपळा तिच्या आजीने शाळेसाठी काढून दिला आणि बाप तो मोटरसायकलवर घालून सकाळी सोडून गेला. आई आली नाही, तिला सातवा महिना होता. यावेळी पोरगाच होणार असं आजीने सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात अख्ख्या भोपळ्याला बाईमाणूस पहिला चाकू लावत नाही. पुरुषाने, नाहीतर घरातल्या पोराने एक वार करून द्यायचा, मग बाईने त्याच्या फोडी कराव्यात, किसावा, काय वाटेल ते करावं. का, तर भोपळा म्हणजे थोरला लेक. आई लेकावर सुरी कशी चालवेल? बाईच्या हातून चालली तर घरातल्या लेकाच्या जिवावर बेततं, असं म्हणतात. माझ्याही घरी हेच. लग्न होऊन आले तेव्हापासून भोपळा आणला की मी तो ओट्यावर ठेवते आणि नवऱ्याला हाक मारते. तो पेपर बाजूला ठेवून येतो, खच्चकन एक वार करतो आणि परत जाऊन पेपर उचलतो. मी याला श्रद्धा म्हणत नव्हते, सवय म्हणत होते. सवय म्हटलं की त्याबद्दल विचार करावा लागत नाही.

मोठे गुरुजी त्या शनिवारी येणार होते. साडेआठला त्यांचा फोन आला. 'तालुक्याला बोलावलंय. तुम्ही उरकून घ्या. फोटो तेवढे नीट टाका.' मी फोन ठेवला आणि मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला. तेवढ्यात ती मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, 'बाई, आजीनं सांगितलंय, सरांच्या हातानं फोडून घ्या म्हनून.'

'सर नाहीत आज,' मी म्हटलं.

'मग मी लावतो बाई, मी पोरगं हाय!' मागून एक जण ओरडला. त्याच्या शेजारचा म्हणाला, 'सरक बे, मी मोठा हाय तुझ्याहून.' दोघं गोलाकडे धावले.

तेव्हाच त्यातल्या एकाच्या हातात चाकू देऊन मोकळी झाले असते तर काही बिघडत नव्हतं. भोपळा कापला गेला असता, फोटो गेला असता, आजीचं मन राहिलं असतं. पण मला राग आला. पोरांचा नव्हे, त्या 'मी पोरगं हाय' चा. मी दोघांना खाली बसवलं आणि भाषण सुरू केलं. 'भोपळ्याला कळतं का, कोण कापतंय ते? चाकूला कळतं का, धरणारा हात पोराचा आहे की पोरीचा?' 'न्हाई बाई,' वर्ग एका सुरात म्हणाला. पोरांना बाईंना हवं ते उत्तर कुठलं, हे बरोबर कळतं. 'मग कापला मुलीने तर काय होईल?' 'कायीच न्हाई, बाई.'

पुढच्या रांगेतली तिसरीतली एक मुलगी म्हणाली, 'मग तुमी लावा, बाई.' तिच्या मनात काही खोट नव्हती. बाई सांगतात ते बाई करून दाखवतात, एवढंच तिला ठाऊक होतं.

मी चाकू उचलला. गोलात बसले. डावा हात भोपळ्यावर ठेवला. साल गार होती. आणि माझा मुलगा आठवला. तो एकुलता एक, लातूरला क्लासला, होस्टेलवर. तीन दिवस त्याला ताप होता. आदल्या संध्याकाळी फोनवर त्याचा आवाज इतका खोल गेला होता की मी दोनदा विचारलं, तूच बोलतोयस ना. मी चाकू धरून किती वेळ बसले कुणास ठाऊक, फार तर दोन श्वास. मग म्हणाले, 'मी कापला तर फोटो कोण काढणार? तुमच्यापैकी कोण येतं?'

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी त्या मुलीकडे पाहिलं. तिचा हात वर नव्हता. मी पाहिलं म्हणून तिने तो वर केला.

तिने वार मात्र असा केला की बघत राहावं. बोटं आत, धार बाहेर, अंगाचा सगळा भार दोन मनगटांवर. भोपळा करकरत उघडला आणि आतला केशरी रंग बघून पोरांनी टाळ्या पिटल्या. नंतरचा तासभर नुसता धिंगाणा. बिया मोजताना दोनदा भांडणं झाली. भोपळ्याला दात पाडायला कुणीच तयार होईना, सगळ्यांना मिशा हव्या होत्या. मी मिशा कोरून दिल्या, कुणीतरी वरून रुमालाचा फेटा बांधला आणि तो खिडकीत बसवला. कुणाच्या बोटाला साधा ओरखडा आला नाही. मी ते उपक्रमाच्या वहीत लिहिलंसुद्धा. फोटो टाकला तो तिचाच, चाकू हातात, सगळे दात दिसतायत अशी हसणारी. खाली लिहिलं, 'मुली पुढे, अंधश्रद्धा मागे.' वरून साहेबांचा अंगठा आला, मग बाकीच्यांचे धडाधड आले. संध्याकाळी लातूरहून फोन आला, ताप उतरला होता. मी निवांत झोपले.

दिवाळीच्या सुट्टीत तिची आई बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच. बीडच्या दवाखान्यात नेलं होतं. मुलगा झाला. दोन दिवस काचेच्या पेटीत होता आणि गेला. मला हे शाळा उघडल्यावर कळलं, हजेरी घेताना. मी तिचं नाव घेतलं, तर शेजारची मुलगी उभी राहून म्हणाली, 'बाई, तिचा भाऊ मेला.' आणि खाली बसली. मी पुढचं नाव घेतलं. खिडकीतल्या मिशांचा भोपळा सुट्टीत कुणीतरी काढून टाकला होता, तिथे फक्त एक ओला डाग होता.

ती तिसऱ्या दिवशी आली. दिसायला पहिल्यासारखीच. दोन-चार दिवसांनी मी वही तपासायला घेतली, तर अक्षर जाड आणि फरकटलेलं. म्हटलं, 'अगं, पेन्सिलला टोक कर ना.' तिने पेन्सिल शेजारणीकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी तेच. कार्यानुभवाला कात्री दिली तर तिने हात पाठीमागे घेतले. शार्पनरला हात लावत नाही, कात्रीला लावत नाही. घरी विळीवर बसत नाही, हे मला नंतर कळलं. धारेच्या कुठल्याच वस्तूला ती शिवत नव्हती.

मधल्या सुट्टीत तिला घेऊन मी शाळेच्या पायरीवर बसले. विचारलं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाली, 'म्या भोपळा कापला ना बाई. म्हनून भाऊ गेला.'

मी म्हटलं, असं काही नसतं. बाळ लवकर जन्मलं, अशक्त होतं. भोपळ्याचा आणि त्याचा काय संबंध? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं म्हणतात ना? फांदी आधीच मोडायला आलेली असते, कावळ्याचं नाव होतं.

तिने हे सगळं नीट ऐकलं. ती हुशार होती, हीच पंचाईत. म्हणाली, 'पन बाई, कावळा बसला व्हता ना?'

घंटा झाली.

मी हरणारी बाई नाही, निदान तेव्हा मला तसं वाटायचं. मी आशाताईंना गाठलं. वस्तीवरच्या गरोदर बायांची नोंद त्यांच्याकडेच असते. त्यांना शाळेत बोलावलं, पोरीला समोर बसवलं. त्यांनी फार चांगलं समजावलं, आईच्या अंगात रक्त कमी होतं, गोळ्या दिल्या होत्या, तिने त्या पुऱ्या घेतल्या नाहीत, म्हणून बाळाची वाढ झाली नाही. मी मनात म्हटलं, आता पटेल. मुलीने मान डोलावली आणि विचारलं, 'रक्त कवा कमी झालं? शनिवारी का?'

मग मी तिच्या घरी गेले. वाटेत मी भांडण तयार करत होते. म्हाताऱ्या आजीने पोरीच्या मनात विष कालवलं असणार, तिला चार शब्द सुनवायचे, कायदा सांगायचा. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे काटेरी कुंपणात मेंढरं. आजीने घोंगडी टाकली, बसा म्हणाली. मुलीची आई आत भिंतीला टेकून बसली होती, ती उठायला लागली तर मीच नको म्हटलं. कोऱ्या स्टीलच्या पेल्यात चहा आला. मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. कुणी आवाज चढवला नाही.

'पोरीला कुणी काही बोललं का?' मी विचारलं.

आईच आतून म्हणाली, 'कुनी कायी म्हनलं न्हाई, बाई. तिचं तीच म्हनती. आमी उलट समजावलं.'

'काय समजावलं?'

'म्हनलं, तुला काय म्हाईत व्हतं, लेकरा. जाऊ दे.'

म्हणजे हे समजावणं. चूक तुझी नाही, तुला ठाऊक नव्हतं. पण तुझ्या हातून झालं. मी आजीकडे वळले. म्हटलं, 'आजी, भोपळा ही भाजी आहे. तुम्ही तरी तिला सांगा, त्याने काही होत नसतं.' आजीने चहाचा पेला खाली ठेवला. मग जे बोलली त्यात राग नव्हता, तेच मला झेपलं नाही.

'तुमी शिकल्याल्या हाव, बाई. तुमाला न्हाई व्हत कायी. आमाला व्हतंय.' आणि म्हणाली, 'म्या निरोप धाडला व्हता, सरांच्या हातानं घ्या म्हनून. पोरगी इसरली आसंल.'

पोरगी कुंपणापाशी उभी होती. तिने ते ऐकलं. ती विसरली नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. 'मी विसरले नाही, बाईंनी ऐकलं नाही' एवढं ती बोलू शकली असती. माझ्याकडे बघून तिने मान खाली घातली. मी तरी बोलायला हवं होतं. 'ती नाही विसरली, मीच मानलं नाही' असं तोंडाशी आलं. तेवढ्यात बापाने मोबाईल काढला आणि तो फोटो दाखवला. चाकू हातात, सगळे दात दिसणारं हसू, खाली माझी ओळ. 'गावात समद्यांकडं गेलाय ह्यो,' तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. मी चहा संपवला आणि निघाले. जे बोलायचं होतं ते घोंगडीवरच राहिलं.

घरी येऊन मी तो फोटो ग्रुपवरून काढायला बसले. तो निघेना. माझ्या फोनमधून जात होता, बाकी सगळ्यांच्या फोनमध्ये तसाच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या रात्री मी स्वतःशी खरं काय ते कबूल केलं. त्या शनिवारी मी चाकू खाली ठेवला तो फोटो काढायचा होता म्हणून नव्हे. फोटो काढायला वर्गात पंचवीस पोरं होती, फोन चालवता येत नाही असं त्यात एकही नव्हतं. मी घाबरले होते. माझ्या लेकाला ताप होता, म्हणून मी चाकू दुसऱ्याच्या लेकीच्या हातात दिला आणि त्यावर 'मुली पुढे' असं लिहिलं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, 'तू फार मनाला लावून घेतेस. पोरं विसरतात.' मोठ्या गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, 'मॅडम, म्हणून मी अशा गोष्टींत पडत नाही. एका पोराच्या हातात दिला असता की.' त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला त्यांचा जास्तच राग आला.

ते कुटुंब मेंढरं घेऊन बाहेर पडणार होतं. शेतं मोकळी झाली की हे लोक निघतात, एकेका रानात मेंढरं बसवत पार लांब जातात आणि परत येतात ते पावसाच्या तोंडावर. त्या साली मुलगी बरोबर जाणार होती. आईला अजून चालवत नव्हतं, धाकट्या दोघींना घेऊन ती घरीच राहणार होती आणि बापाच्या भाकरी थापायला कुणीतरी हवं होतं. त्याबद्दलही मी भांडून पाहिलं, बाप 'बघू बाई, बघू' म्हणाला, म्हणजे नाही. जायच्या आधीचा एक शनिवार माझ्या हातात होता.

मी ठरवलं. बोलून होत नाही ना, मग करून दाखवायचं. तिच्या देखत मी स्वतः अख्ख्या भोपळ्याला पहिला चाकू लावणार. मलाही मुलगा आहे, थोरला आहे, एकुलता आहे. मी कापते, बघ, काही होत नाही. सोमवारी तू जाशील तेव्हा त्याला फोन लावून देईन, बोल त्याच्याशी. यापेक्षा मोठा पुरावा कुठला? हा पाठ मी त्या दिवशीच द्यायला हवा होता.

नेकनूरच्या बाजारात भोपळा घेतला. भाजीवाल्याने सवयीने सुरी उचलली. 'खूण करून देऊ का, ताई?' बाईमाणूस अख्खा भोपळा घ्यायला आली की तो सालीवर एक चीर पाडून देतो, म्हणजे पुढे घरी कुणाला हाक मारावी लागत नाही. मी म्हटलं, 'नको. तसाच द्या.' त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दिला. शनिवारी सकाळी निघण्याआधी मी लातूरला फोन केला. 'बरा आहेस ना?' 'हो गं, कशाला विचारतेस?' 'असंच,' मी म्हटलं.

शाळा सुटली, पोरं पांगली. तिला थांबवून घेतलं. व्हरांड्यात ओलं पोतं टाकलं, त्यावर भोपळा ठेवला. सवयीने खडूने गोलही आखला. तिला म्हटलं, तू गोलाबाहेर बस आणि नुसतं बघ. ती बसली. भोपळा बघून तिचा चेहरा बारीक झाला होता, पण बाईंनी बस म्हटलं म्हणून बसली. मी सगळं सांगितलं. त्या दिवशी मीच कापायला हवा होता, मी कापला नाही, चूक माझी. आजीचा निरोप तू दिला होतास, मी ऐकला नाही, तीही चूक माझी. आता मी कापते. मलाही लेक आहे. बघ, काही होत नाही.

डावा हात भोपळ्यावर ठेवला. बोटं आत दुमडली. चाकूची धार सालीला टेकवली. चाकू पुढे जाईना आणि तिला ते दिसू नये म्हणून मी अंग पुढे घेतलं.

ती गोलात आली. एका वेळी एकच जण हा नियम तिने आजवर कधी मोडला नव्हता. चाकूला हात न लावता, तो टाळून, तिने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

'नगा, बाई,' ती म्हणाली. 'तुमाला एकच हाय.'

मी तिला सांगू शकले असते की असं काही नसतं. तेच तर सांगायला मी आले होते. दहा वर्षांच्या पोरीच्या हातात असं किती बळ असणार, एक हिसडा दिला असता तरी मनगट सुटलं असतं. मी दिला नाही. आणि मला बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. कुणीतरी थांबवावं याचीच मी वाट बघत होते. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला ते कळलं असावं, कारण तिची पकड सैल झाली. बाईंनाही हे खरं वाटतं, हे तिला कळलं. एवढे दिवस तिच्या मनात काही शंका उरली असेल तर ती मी त्या व्हरांड्यात पुसून टाकली.

ती म्हणाली, 'जाऊ मी?' मी मान हलवली. दप्तर पाठीला लावून ती बांधावरून गेली, मागे एकदा वळून हात केला.

भोपळा मी डिकीत घालून घरी आणला आणि ओट्यावर ठेवला. संध्याकाळी नवऱ्याला हाक मारली. तो पेपर बाजूला ठेवून आला आणि त्याने पहिला चाकू लावून दिला.